मास्टरची पूजा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. अजूनही जोडाक्षर आलं की हात अडखळतो आणि ओळ खाली घसरत जाते. हे कुणी वाचणार नाही अशी माझी समजूत आहे. तरी चुकून कुणाच्या हाती लागलंच, तर त्याने मनातल्या मनात दुरुस्त करून वाचावं, राग धरू नये. कागदही पाठकोरे आहेत. एका बाजूला गाळ्यातल्या टेस्टिंगचे आकडे छापलेले आहेत, दुसऱ्या बाजूला मी लिहिते आहे.

गाळा अंधेरीला, मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवतात, वर फरसाण तळतात. त्या वासाने जेवणाच्या सुट्टीच्या कितीतरी आधी भूक लागते. आमच्या गाळ्यात राउटर जोडतात. घरात वायफायसाठी ठेवतात तो राउटर नाही. आमचा पत्र्याचा, काळा, अंगाच्या साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवल्या तर होईल तेवढा. त्यात सिमकार्ड बसतं. मोबाइल जसा हवेतून बोलतो तसाच हाही बोलतो, फक्त ज्या यंत्राला जोडाल त्याच्या वतीने. आमचे बरेचसे राउटर लिफ्टला लागत. लिफ्ट अडकली आणि आतल्या माणसाने घंटेचं बटण दाबलं, की राउटरने लगेच लिफ्ट कंपनीच्या ऑफिसात कळवायचं, म्हणजे तिथला माणूस निघतो. एवढंच त्याचं काम. लिफ्ट वर्षभर नीट चालली तर तो वर्षभर गप्प बसतो. मला तो त्यामुळेच आवडायचा.

जोडायचं कामही शांत आहे. राउटरच्या पोटात ग्लुकोज बिस्किटापेक्षा लहान असं एक हिरवं कार्ड असतं, त्याला मॉड्यूल म्हणतात. सगळं बोलणं ते करतं. त्याच्यावर अँटेनाची बारीक वायर बसवायची. वायरीच्या टोकाला मोहरीएवढं टिचबटण असतं, ब्लाउजला असतं तसंच, पण पितळी. नखाने दाबलं की टिच होतं. ते कानाला ऐकू येत नाही, बोटाला कळतं. मग चार स्क्रू, मग स्टिकर, मग टेस्टिंग. टेस्टिंगला मी बसायचे. माझ्यासमोर एक जाड पत्र्याची पेटी होती, तिला दार. दार लावलं की बाहेरचं नेटवर्क आत जात नाही. आत तिचा स्वतःचा एक छोटा टॉवर आहे, असं शेठनी समजावलं होतं. राउटर आत ठेवायचा, दार लावायचं, पडद्यावर आकडा येतो तो बघायचा. आकड्याच्या आधी एक आडवी रेघ असते. इथे सगळं उलटं आहे. मोठा आकडा म्हणजे अशक्त राउटर, लहान आकडा म्हणजे धडधाकट. माझी मुलगी म्हणाली, त्या रेघेला उणे म्हणतात, ते पाचवीनंतर शिकवतात. म्हणजे माझं दोन वर्षांनी चुकलं.

गाळ्यात आम्ही सगळ्या बायकाच. शेठ कुणाला नावाने हाक मारत नसत, ज्या स्टेशनवरून येते त्याने मारत. त्यामुळे आमच्यातही तेच पडलं. मी घाटकोपर. माझ्या शेजारी स्टिकर लावायला बोरिवली, तिच्यापलीकडे मुलुंड. "ए मुलुंड, तुझा डबा गळतोय," असं चालायचं. फक्त काकीला कुणी स्टेशनाने बोलावलं नाही. ती काकीच.

काकी आमच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून राहायची. मला गाळ्यात तिनेच आणलं. त्याआधी मी पार्ल्याला एका घरी स्वयंपाकाला जात होते. घर चांगलं होतं, पण त्या बाई सारखं काहीतरी विचारायच्या आणि उत्तर द्यायला माझी जीभ वळायची नाही. त्यांना वाटायचं, मी फुगून बसले. काकी म्हणाली, "चल माझ्याबरोबर. तिथे कुणी काही विचारत नाही गो. डोळे आणि नखं शाबूत पाहिजेत, बास."

ती गाळ्यातली सगळ्यात जुनी. शेठनी धंदा काढला त्या दिवसापासूनची. हजेरी, माल, कोण कुठे बसणार, सगळं ती बघायची. गाळ्यात एक रीत होती, मोडेल त्याने भरायचं. मॉड्यूल महाग असतं. हातून तुटलं तर त्याची किंमत पगारातून थोडी थोडी कापून घ्यायची. रीत शेठची होती, पण राबवायची काकी. माझ्या पहिल्याच महिन्यात माझ्या नखाने मॉड्यूलवरचं एक टिचबटण मुळासकट उपटलं गेलं. मला वाटलं, शेजारीण आहे, सोडेल. तिने सोडलं नाही. दर पगाराला माझ्यासमोर पैसे बाजूला काढायची आणि म्हणायची, "रडू नको. भरून झालं की तुझं मन साफ आणि त्यांचंही साफ. मग कुणी वर तोंड करून बोलणार नाही." भरून झाल्यावर खरंच कुणी बोललं नाही.

काकीचा नवरा गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षं वॉचमन होता. मग तो मालवणकडे गावाला जाऊन राहिला, वडिलांच्या पडक्या घरावर छप्पर घालायला. छप्पर झालं होतं. आता काकीने जायचं, एवढंच बाकी होतं. ती शिमग्याला कायमची जाणार, हे गाळ्यात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या गावात नेटवर्क नव्हतं. जेवणाच्या सुट्टीच्या वेळी तो सड्यावर, म्हणजे गावामागच्या उंच माळावर, चढायचा, तिथे कातळावर एका ठराविक जागी उभा राहिला की फोन लागायचा. काकी इकडे जिन्याच्या खिडकीत उभी.

"अवो, आयकाक येता मां?"

तिकडून काहीतरी.

"शिमग्याक! शिमग्याक येतंय म्हटलंय!"

बोरिवली म्हणायची, "काकी, आपल्याकडचा एक राउटर ने की नवऱ्याला. बिचारा वानरासारखा रोज डोंगर चढतो."

"चढू दे. पोट कमी होतं त्याचं."

आता मास्टरचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. दिसायला मास्टर आमच्या इतर राउटरसारखाच, फक्त त्याच्यावर लिफ्ट कंपनीचं सील होतं. त्यांनी त्यांच्या मोठ्या मशिनीवर तो पारखून आमच्याकडे पाठवला होता. रोज सकाळी सगळ्यात आधी मास्टर पेटीत ठेवायचा. त्याचा जो आकडा येईल तो काकी पांढऱ्या फळ्यावर लिहायची. मग दिवसभर प्रत्येक राउटरचा आकडा त्याच्या आसपास यायला हवा, पाचाच्या आत. पाचापेक्षा जास्त वर गेला तर तो बाजूला, खाली आला तर चांगलंच. प्रत्येक खेपेत काही अशक्त निघतातच. कुणाची वायर खराब असते, कुणाचं टिचबटण अर्धवट बसलेलं असतं. सोन्याच्या दुकानात वजनं असतात ना, तसा आमचा मास्टर.

खंडेनवमीला गाळ्यात पूजा असते. सगळ्यांनी आपापली हत्यारं पुसून मांडायची. स्क्रूड्रायव्हर, चिमटे, सोल्डरिंगची बंदूक, पेटीलासुद्धा झेंडूचा हार. दरवर्षी तसंच व्हायचं. मास्टर मात्र आतापर्यंत कधी पूजेत नव्हता, तो शेठच्या कपाटात असायचा. त्या वर्षीची खंडेनवमी काकीची गाळ्यातली शेवटची असणार होती. तिने पाट मांडला, वर नवा खण अंथरला आणि शेठकडून मास्टर मागून आणला.

"सगळ्यांची पूजा होते आणि ज्याच्या जिवावर आपण बसलो तो कपाटात," ती म्हणाली. "हे बरोबर नाही."

मास्टर पाटावर उभा ठेवला. उभा ठेवला की अँटेना लावायची दोन तोंडं वर येतात. देवळातल्या उभ्या दगडासारखा दिसत होता. काकीने फूल पाण्यात बुडवून त्याच्यावर पाणी सोडलं, मग हळद, मग कुंकू, मग अक्षता. बोरिवलीने नारळ फोडला. आम्ही आरती म्हटली. आम्ही सगळ्या टाळ्या वाजवत होतो आणि शेठ दारात चप्पल काढून उभे होते. त्यांनीही हात जोडले. पेढे वाटले. मग काकीने मास्टर कोरड्या फडक्याने लख्ख पुसला आणि कपाटात परत ठेवला.

दसऱ्यानंतरच्या सकाळी मास्टर पेटीत ठेवला तर आकडा रोजच्यापेक्षा वर होता. मी म्हणाले, "काकी, आकडा वाढलाय."

माझा आवाज लहान आहे. ती शेजारी होती म्हणून तिला ऐकू आलं.

"नवमीला सगळ्यांनी मिळून दमवलं त्याला. आज आळस देतोय," ती म्हणाली, आणि जो आकडा होता तो फळ्यावर लिहिला. मला हसू आलं. रोज एखाद-दोन इकडेतिकडे होतच असे. नंतरच्या दिवसांत तो आणखी वर गेला, पण एकदम नाही, हळूहळू, म्हणून कुणाला खटकलं नाही. त्या महिन्यात एकही राउटर बाजूला निघाला नाही. शेठ खूश होते. दिवाळीत त्यांनी सगळ्यांना सुक्या मेव्याचा डबा दिला. मोठी खेप गेली होती.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले आणि लिफ्ट कंपनीचा एक माणूस आला. तरुण, नीटनेटका, हिंदीत बोलणारा, पण मराठी समजणारा. त्याने शेठना सांगितलं ते आम्हाला बाकावर ऐकू येत होतं. मुलुंडला एका इमारतीत लिफ्ट अडकली. आत एक आजोबा, हातात दुधाची पिशवी. त्यांनी बटण दाबलं, राउटरने कळवायला हवं होतं, पण त्याला नेटवर्कच सापडेना. तळमजल्याच्या खाली, पत्र्याच्या लिफ्टजवळ, तिथे नेटवर्क आधीच कमी, आणि आमचा राउटर अशक्त. वॉचमन पाणी सोडायला आला तेव्हा त्याला दार आपटल्याचा आवाज आला. मग इतर इमारतींतलेही बघितले, तर त्यातलेही काही तसेच.

काकी जागची उठली. "त्यांना दमा वगैरे नव्हता ना?" तिने विचारलं.

"नहीं मावशी, एकदम तंदुरुस्त. बाहर आके सबको गाली दिया. दूध फट गया बोला."

मुलुंड हळूच म्हणाली, "आमच्याकडची माणसं तशीच."

त्या माणसाने स्वतःचा एक मास्टर आणला होता. त्याने तो आमच्या पेटीत ठेवला, आकडा बघितला. मग आमचा ठेवला. मग परत त्याचा. मला पडदा दिसत होता, म्हणून सगळ्यांच्या आधी कळलं, पण सांगण्यासारखं काही नव्हतं, त्यालाही दिसतच होतं. त्याने आमच्या मास्टरच्या अँटेनाच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं. सुईने आतून थोडं खरवडून कागदावर घेतलं. लालसर, पिवळं आणि त्याच्याखाली हिरवा गंज.

"ये क्या है? चटनी?"

"चटणी नाही," काकी म्हणाली. "हळदकुंकू."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने सुई पुसली आणि शेठना समजावलं. वरून सोडलेलं पाणी हळदकुंकवासकट तोंडातून आत गेलं होतं. बाहेरून पुसलं तरी आत राहिलं. पितळ हिरवं पडत गेलं, तसा मास्टर दिवसेंदिवस अशक्त होत गेला. आणि मास्टरच अशक्त झाल्यावर त्याच्या आसपासचे सगळे पास. जे राउटर बाजूला पडायला हवे होते तेही खेपेत गेले. वजनच हलकं झालं तर ताजव्याला काय कळणार. शेठनी डोक्याला हात लावला. तेही दारात हात जोडून उभे होते, त्यामुळे ओरडायलाही त्यांना जागा नव्हती.

खेप परत आली. टेम्पोने, खोकीच्या खोकी. आम्ही सगळ्यांनी ती पुन्हा तपासली, अशक्त निघालेल्यांच्या वायरी बदलल्या. त्या जादा वेळेचे पैसे शेठनी दिले, टेम्पोचं भाडं त्यांनी भरलं. कंपनीने काम बंद केलं नाही, पण नव्या मास्टरचे पैसे मागितले. पारखून, सील करून दिलेला म्हणून त्याची किंमत आमच्या साध्या राउटरच्या कितीतरी पट. काकीच्या बऱ्याच महिन्यांची बचत होईल एवढी.

शेठ म्हणाले, "ते मी बघतो. जाऊ दे काकी."

काकी म्हणाली, "जाऊ दे कसं? मोडेल त्याने भरायचं."

"अहो, हे काय तुमच्या हातून पडून फुटलंय?"

"पाणी माझ्या हाताने सोडलं."

बोरिवली मध्ये पडली. "काकी, आरती सगळ्यांनी म्हटली. नारळ मी फोडला. पेढे शेठनी खाल्ले. मग पैसे तू एकटीने का भरायचे?"

"आरतीने गंज येत नाही," काकी म्हणाली. "आणि या घाटकोपरकडून मी एका टिचबटणाचे पैसे घेतले होते, तेव्हा तुमच्यातली कोण मध्ये बोलली होती?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी पेटीचं दार पुसत राहिले.

असं ठरलं की काकी दर महिन्याला भरेल. हिशेब तिने स्वतःच सांगितला. आणि पैसे भरून होईपर्यंत ती गावाला जाणार नव्हती. कुणाचा एक रुपया डोक्यावर ठेवून तिला त्या नव्या छपराखाली झोप लागणार नाही, असं ती म्हणाली. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती खिडकीत गेली तेव्हा आम्ही मुद्दाम मोठ्याने डबे उघडले, चमचे वाजवले. तरी ऐकू आलंच.

"शिमग्याक नाय. पुढे. मे महिन्यात बघूया. अवो, आयकाक येता मां? नाय म्हटलंय!"

मग फोन कट झाला. सड्यावर वारा असला की तसा व्हायचा. त्याने ऐकलं की नाही हे तिला कळलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तेच परत सांगावं लागलं.

त्यानंतर काकीने गाळ्यात एक बदल केला. सकाळचा आकडा फळ्यावर नुसता लिहायचा नाही. जी पेटीवर बसते तिने तो मोठ्याने म्हणायचा, आणि बाकीच्यांनी कालचा आकडा परत म्हणायचा. दोन्ही सगळ्यांच्या कानावर पडले पाहिजेत. पेटीवर मी बसायचे.

"काकी, मला नाही जमणार," मी म्हणाले.

"त्या दिवशी तू सांगितलंस. मी एकटीने ऐकलं आणि गंमत केली. मुलुंडने ऐकलं असतं तर तिने केली नसती, तिला गंमत कळत नाही."

"ए काकी!" मुलुंड म्हणाली.

"म्हणून मोठ्याने. चल, म्हण."

पहिल्या दिवशी मी म्हटलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. बोरिवलीने कानामागे हात धरला, "काय? सड्यावर जाऊन बोल." दुसऱ्या दिवशी थोडं जमलं. आकडा म्हणायचा म्हणजे कुणाला उत्तर द्यायचं नसतं, कुणाच्या डोळ्यांत बघायचं नसतं, नुसता आकडा. त्यामुळे ते मला बोलण्यासारखं वाटेना, आणि मग येऊ लागलं. वरच्या फरसाणवाल्याचा माणूस एकदा खाली आला, त्याला वाटलं आम्ही लॉटरी काढतो.

महिने गेले. शिमगा झाला, मे गेला. काकी दर पगाराला पैसे बाजूला काढायची, माझ्यासमोर काढायची तसेच, तेच हात, तीच पद्धत. शेठच्या टेबलावर ठेवायची आणि ते उचलेपर्यंत उभी राहायची. शेठ दर वेळी फोनवर बोलायला लागायचे. तिने घरात चहाचं दूध बंद केलं, कोरा चहा प्यायची. आम्हाला म्हणाली, पित्त होतं. आम्ही मान हलवली.

आमची एक भिशी आहे. दर महिन्याला सगळ्यांनी सारखे पैसे टाकायचे, दर महिन्याला एकीने सगळे उचलायचे, जिचा तिचा नंबर ठरलेला. काकीचे शेठकडचे हप्ते संथ चालले होते, आणि गणपती जवळ आले होते. कोकणातल्या माणसाला गणपतीला गावाला जायला मिळालं नाही तर काय होतं ते मी सांगायला नको. आमच्या चाळीत त्या आठवड्यात निम्म्या खोल्यांना कुलूप असतं. श्रावणातली भिशी माझी होती. ती उचलण्याआधी सगळ्या बसल्या होत्या तेव्हा मी म्हणाले, "माझा नंबर काकीला द्या. मी तिच्या नंबरला घेईन."

आकडा सोडून गाळ्यात सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलेलं माझं ते पहिलं वाक्य. घरून निघाल्यापासून मी ते घोकत होते. मेट्रोत, जिन्यावर. त्यामुळे ते जरा घाईत बाहेर पडलं.

काकीने डोळे बारीक केले. "मग शेठचं एकदम फिटेल."

"हो. आणि गणपतीला जाशील."

"आणि गावाला गेल्यावर भिशीचे उरलेले हप्ते कोण भरणार? सड्यावरून पाठवू? म्हणजे शेठचं फेडायचं आणि तुमचं डोक्यावर घेऊन जायचं." तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "नाही गो. तुझी भिशी तू उचल. पोरीची फी आहे ना तुझ्या?"

फी होती. मी उचलली.

त्या वर्षी काकीच्या घरचा गणपती तिच्याशिवाय बसला. नवऱ्याने एकट्याने केलं सगळं, शेजारणीने मोदक दिले. दुपारी तो सड्यावर चढला आणि त्याने फोन तसाच धरून ठेवला, खाली वाडीत आरती चालली होती ती ऐकू जाते का बघायला. काकी खिडकीत उभी होती. तिने फोन एका कानाला दाबला आणि दुसऱ्या कानावर हात धरला. मग आत आली आणि मुलुंडला म्हणाली, "नुसता वारा. पण वाऱ्यात कुठेतरी झांज होती असं वाटतं." आणि कामाला बसली. त्या दिवशी शेठनी आम्हाला लवकर सोडलं. काकी थांबली.

मग पितृपक्ष गेला, नवरात्र बसलं. खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे गाळा झाडला, हत्यारं पुसली. झेंडू आणला. पाट मांडला, पण फुलं ताटातच होती. काकीने सांगितलं होतं, आधी माझं काम, मग पूजा. नवा मास्टर शेठच्या कपाटात, काचेच्या आड होता. त्याची दोन्ही तोंडं बोरिवलीने रबरी टोपणांनी बंद केली होती आणि वर चिकटपट्टीही लावली होती. मी सकाळी आकडा म्हटला होता. कालचा आणि आजचा सारखा.

काकीने कनवटीचा रुमाल सोडला आणि पैसे शेठच्या टेबलावर ठेवले. शेठनी फोन उचलायला हात पुढे केला.

"आज फोन नको," काकी म्हणाली. "मोजा."

"काकी, एवढी वर्षं तुम्ही आहात, मी काय मोजणार."

"शेवटचे आहेत. मोजा."

आम्ही सगळ्या दाराजवळ उभ्या होतो. शेठ मोजायला लागले. मध्येच चुकले, परत पहिल्यापासून मोजले. वर फरसाणवाल्याची झारी कढईवर आपटत होती. मग ते थांबले.

"झाले," ते म्हणाले. "पूर्ण झाले काकी."

"दहा जास्त आहेत."

शेठनी परत बघितलं. खरंच होते. "असू दे, पूजेला लावा."

"पूजेचे मी वेगळे आणलेत. माझे दहा परत द्या."

शेठनी ड्रॉवर उघडला आणि दहाची नोट काढून तिच्या हातावर ठेवली. काकीने ती रुमालात बांधली, रुमाल कमरेला खोचला आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "चला गो, आता फुलं वाहा."